ताब्यानंतरची पाच वर्षं

"नव्या इमारतीला हेअरलाइन क्रॅक येतातच, साहेब." "पावसाळा संपू द्या, भिंत सुकली की एकदाच काय ते करून देतो." "तुमच्या इंटिरियरवाल्यानं कुठंतरी ड्रिल मारलं असणार."

नव्या सोसायटीत राहायला गेलेल्या माणसाला पहिल्या वर्षात ही तीन वाक्यं ऐकावी लागली नाहीत, असं क्वचितच घडतं. बोलणारा बहुतेक वेळा बिल्डर नसतोच. साइटवर मागे उरलेला एखादा सुपरवायझर असतो, स्वभावानं बरा असतो आणि त्याच्या हातात काहीही नसतं. तो येतो, भेगेत पुट्टी भरतो, वरून रंगाचा हात मारतो आणि जातो. पुढच्या पावसाळ्यात तीच भेग त्याच जागी उघडते, पंख्याच्या हुकाभोवतीचा ओलीचा डाग थोडा मोठा होतो, भिंतीला लोणा लागतो, पोपडे सुटतात. पुन्हा फोन, पुन्हा सुपरवायझर, पुन्हा पुट्टी. असे तीन-चार पावसाळे गेले की बिल्डरचं ऑफिस दुसऱ्या साइटवर हललेलं असतं, आणि घरमालकाच्या हातात एवढ्या वर्षांचा एकही कागद नसतो. होती ती फक्त बोलणी.

बांधकामातल्या दोषांवरचा कायदा आपल्याकडे कमकुवत आहे, असा समज सर्रास आहे. तो चूक आहे. स्थावर संपदा अधिनियम, २०१६, म्हणजे आपण ज्याला रेरा म्हणतो, त्याच्या कलम १४ मधलं तिसरं पोटकलम प्रत्येक फ्लॅटधारकानं एकदा तरी शांतपणे वाचावं असं आहे. ताबा दिल्याच्या तारखेपासून पाच वर्षांच्या आत इमारतीच्या सांगाड्यातला दोष, कारागिरीतला दोष, मालाच्या दर्जातला दोष किंवा सेवासुविधांतली उणीव विकासकाच्या लक्षात आणून दिली, तर त्यानं ती एक पैसाही न घेता तीस दिवसांत दुरुस्त करून द्यायची आहे. नाही दिली तर भरपाई द्यायची आहे. आपला जुना महाराष्ट्र मालकी हक्क सदनिका कायदा, म्हणजे १९६३ चा मोफा, त्यातही अशी तरतूद होती. मुदत तीन वर्षांची होती. रेरानं ती पाच केली आणि व्याप्तीही वाढवली.

यातले तीन शब्द फार मोलाचे आहेत : 'लक्षात आणून देणे'. पाच वर्षांत दोष दुरुस्त झाला पाहिजे किंवा तक्रारीचा निकाल लागला पाहिजे, असं कायदा म्हणत नाही. पाच वर्षांत तो विकासकाला कळवलेला असला पाहिजे. म्हणजे सारा खेळ कळवल्याच्या पुराव्याचा आहे. सुपरवायझरशी झालेलं बोलणं, बिल्डरच्या मुलाला लग्नात भेटून सांगितलेली गळती, वॉचमनकडच्या वहीतली नोंद यांतलं काही उद्या उपयोगी पडेल याची खात्री नाही. तारीख असलेलं पत्र, रजिस्टर्ड पोस्टाची पोच आणि सोबत ईमेल एवढ्या तीन गोष्टी मात्र पडतात. नव्या इमारतींमधली माणसं हरतात ती कायद्याच्या उणिवेमुळे फार थोड्या वेळा. ती हरतात भिडेमुळे. ताबा मिळाल्यावर बिल्डरशी संबंध बिघडायला नकोत, सोसायटी अजून रजिस्टर व्हायची आहे, पार्किंगचं वाटप राहिलंय, कन्व्हेयन्स राहिलंय, मग आत्ताच कशाला पत्रापत्री, असा विचार अगदी समजूतदार माणसं करतात. आणि त्या समजूतदारपणात मुदत संपते.

भेग किरकोळ आहे की गंभीर, हे घरात राहणाऱ्याला कसं कळावं? पुष्कळ भेगा खरोखरच किरकोळ असतात. बीम आणि विटांची भिंत जिथं मिळते, तिथं आडवी सरळ रेघ उठते, कारण काँक्रीट आणि वीट उन्हात वेगवेगळ्या प्रमाणात हलतात आणि सांध्यावर जाळी मारलेली नसते. गिलाव्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसल्या, तर गिलाव्याला पाणी कमी मारलेलं असतं. या गोष्टी जीवघेण्या नाहीत, पण कारागिरीचे दोष नक्की आहेत, आणि कलम १४ मध्ये कारागिरीचा दोष सांगाड्याच्या दोषाच्या शेजारीच बसवलेला आहे. 'हेअरलाइन आहे' हे काही कायद्यातलं उत्तर नव्हे.

काळजीची भेग वेगळी असते. कॉलमच्या कोपऱ्यातून, आतल्या सळईच्या रेषेनं उभी जाणारी. स्लॅबच्या खालच्या बाजूला सळयांच्या नेमक्या अंतरावर समांतर उमटणारी, तांबूस डाग घेऊन येणारी. बीमवर टेकूपाशी तिरकी चढणारी. भेग अजून वाढते आहे का, हे पाहायची जुनी रीत आजही उपयोगी आहे : भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी प्लास्टरनं चिकटवायची, बाजूला तारीख लिहायची. पट्टी तडकली तर भेग हलते आहे. तिचा तारखेसकट फोटो वकिलाच्या दहा पानांपेक्षा जास्त बोलतो.

काँक्रीट आतून कसं बिघडतं हे थोडं सांगितलं पाहिजे, कारण पुढची सगळी कायदेशीर भाषा त्याच्यावर उभी आहे. चांगल्या काँक्रीटमध्ये सळई गंजत नाही. सिमेंटच्या क्षारतेमुळे तिच्यावर संरक्षक थर तयार होतो. सळईवरचं काँक्रीटचं आवरण, ज्याला साइटवर कव्हर म्हणतात, ते कमी ठेवलं, काँक्रीट नीट दाबलं नाही म्हणून आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी छिद्रं राहिली, किंवा धुतली न गेलेली खारी वाळू वापरली, की तो थर मोडतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, तो आतून फुगतो आणि कव्हर फोडून बाहेर येतो. आयएस ४५६ हे भारतीय मानक काँक्रीटला किती दिवस पाणी मारायचं हेही सांगतं : साध्या पोर्टलँड सिमेंटला किमान सात दिवस, फ्लाय ॲश मिसळलेल्या सिमेंटला किमान दहा. आज बाजारातलं बरंचसं सिमेंट दुसऱ्या प्रकारचं आहे. स्लॅब टाकल्यावर दहा दिवस पाणी साठवून ठेवलेल्या साइट किती दिसतात, हे ज्याचं त्यानं येताजाता पाहावं.

मिठाचा हा दोष किती दूर जाऊ शकतो, ते देशानं गुरुग्राममध्ये पाहिलं. सेक्टर १०९ मधलं चिंटेल्स पॅराडिसो हे उंच टॉवरचं, महागडं संकुल. १० फेब्रुवारी २०२२ च्या संध्याकाळी डी टॉवरच्या सहाव्या मजल्यावर, फ्लॅटचं नूतनीकरण सुरू असताना, दिवाणखान्याचा स्लॅब खाली आला आणि त्याच्या वजनानं खालचे स्लॅब पहिल्या मजल्यापर्यंत एकामागून एक कोसळत गेले. दोन महिलांचा जीव गेला. सुरुवातीला बोट साहजिकच नूतनीकरणाकडे दाखवलं गेलं. त्यानंतर आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांनी काँक्रीटचे नमुने तपासले, तेव्हा त्यात क्लोराइडचं प्रमाण घातक असल्याचं, त्यामुळे सळया गंजल्याचं आणि दुरुस्ती व्यवहार्य नसल्याचं त्यांनी नोंदवलं. डी टॉवर पाडायचं ठरलं, मग तपासणी पुढे सरकत गेली तसे इतर टॉवरही असुरक्षित ठरत गेले. डी टॉवरमधल्या रहिवाशांनी त्या संध्याकाळपर्यंत जी काही पोपडे सुटण्याची तक्रार केली असेल, ती कुणालातरी रंगकामाची वाटली असणार.

म्हणून सोसायटीनं तज्ज्ञ नेमताना काटकसर करू नये. नुसता डोळ्यांनी पाहून दिलेला दोन पानी अहवाल ग्राहक आयोगासमोर टिकत नाही. हॅमर टेस्टनं पृष्ठभागाचा कणखरपणा कळतो, अल्ट्रासॉनिक लहरींच्या वेगावरून आतली पोकळी कळते, हाफ-सेल चाचणीवरून सळई गंजते आहे का ते कळतं, आणि क्लोराइडचं प्रमाण प्रयोगशाळेत मोजता येतं. सगळ्यांत बोलका पुरावा म्हणजे कोअर, म्हणजे काँक्रीटमधून कापून काढलेला दंडगोल नमुना. आयएस ४५६ नं त्याचा निकष नेमका दिला आहे : किमान तीन कोअर, त्यांची सरासरी ताकद ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्के तरी हवी आणि एकही नमुना ७५ टक्क्यांच्या खाली नको. असा आकडा हातात असला की 'आमच्या काळात सगळं बरोबर होतं' या वाक्याला जागा उरत नाही. मुंबईत व्हीजेटीआय, पवईची आयआयटी, पुण्यात सीओईपी अशा संस्थांच्या अहवालाला वजन असतं. तपासणीच्या आधी विकासकाला लेखी कळवून त्याच्या माणसाला हजर राहायला बोलवावं. तो आला तर संयुक्त पाहणीच्या टिपणावर सही घ्यावी. नाही आला तरी बोलावल्याचं पत्र फाइलमध्ये राहतं.

आणि एक कळकळीचं सांगणं : पुराव्याआधी दुरुस्ती करू नका. छत गळतंय, घरात लहान मूल आहे, थांबवत नाही, हे सगळं खरं. पण वॉटरप्रूफिंगवाला येऊन जुना कोबा फोडून गेला की मूळ दोष कसा होता हे दाखवायला काही उरत नाही. थांबणं शक्यच नसेल तर आधी फोटो-व्हिडिओ, आधी नोटीस, आधी इंजिनिअरची पाहणी आणि टिपण. काढलेल्या मालाचे तुकडे पिशवीत घालून, तारीख लिहून ठेवावेत. दुरुस्तीचं बिल पक्कं घ्यावं. रोखीनं उरकलेल्या कामाची भरपाई मिळवताना फार ओढाताण होते.

नव्या इमारतीतल्या गळतीनं शेजारी कसे एकमेकांवर उठतात, हेही पाहण्यासारखं आहे. वरच्या मजल्याच्या बाथरूममधून खाली पाणी झिरपतं. सोसायटीच्या आदर्श उपविधींनुसार संडास-बाथरूममधली अंतर्गत गळती ही त्या सभासदानं स्वखर्चानं दुरुस्त करायची असते. मग खालचा वरच्याला पत्र लिहितो, वरचा खालच्याला सुनावतो, कमिटी दोघांना समजावते, आणि जिन्यात नजर चुकवणं सुरू होतं. पण इमारत पाच वर्षांच्या आतली असेल, वरच्यानं फरशी बदललेली नसेल, तर खाली बसवलेल्या स्लॅबचं वॉटरप्रूफिंग नीट झालं नाही हा बिल्डरच्या कारागिरीचा दोष आहे. पाणी भरून ठेवून चाचणी घेतली, रंगीत पाणी सोडून वाट शोधली, की तो दिसतो. तिथं वरच्या आणि खालच्यानं मिळून एका पत्रावर सह्या करायला हव्यात.

दाद मागायची कुठं, हा पुढचा प्रश्न. महारेरा, म्हणजे रेराखालचं राज्याचं प्राधिकरण, आणि ग्राहक आयोग असे दोन मुख्य दरवाजे आहेत आणि निवड घरमालकाची आहे. रेरा आल्यावर ग्राहक आयोगाकडे जाता येत नाही, असा युक्तिवाद विकासकांनी बराच केला. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये इम्पेरिया स्ट्रक्चर्सच्या खटल्यात तो फेटाळला. घरबांधणी ही 'सेवा' आहे आणि घर घेणारा 'ग्राहक' आहे, हे तर त्याच न्यायालयानं १९९३ मध्येच लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात ठरवून टाकलं होतं. तो निकाल एका सरकारी प्राधिकरणाविरुद्ध होता, ही त्याची थोरवी. म्हाडा-सिडकोसारख्या संस्थांकडून घर घेणाऱ्यानं तो विसरू नये.

महारेराकडे जाताना काय मागायचं आहे ते आधी स्पष्ट असावं. दोष दुरुस्त करून द्या, असा आदेश प्राधिकरणाकडे मागायचा. पैशांची भरपाई हवी असेल तर तो विषय निर्णायक अधिकाऱ्याचा. रेराच्या कलम ७१ नं ती वाटणी केली आहे आणि सर्वोच्च न्यायालयानं २०२१ च्या न्यूटेक प्रमोटर्स निकालात ती पक्की केली. चुकीच्या अर्जात चुकीची मागणी केली की महिने वाया जातात. तक्रार सोसायटी करू शकते, एकटा फ्लॅटधारकही करू शकतो. लढाई नको असेल त्यांच्यासाठी महारेराचा सलोखा मंच आहे. २०१८ पासून तिथं ग्राहक संघटनांचे आणि विकासक संघटनांचे प्रतिनिधी एकत्र बसून तडजोड घडवतात. गळती, लिफ्ट, पार्किंगच्या फरश्या अशा प्रश्नांना ही जागा चांगली. सांगाड्याचा दोष असेल तर मात्र तडजोडीच्या टेबलावर बसण्याआधी तज्ज्ञाचा अहवाल हातात पाहिजे. नाहीतर बाहेरून नवा रंग आणि टेक्स्चर एवढ्यावर समझोता होतो.

ग्राहक आयोगाची बलस्थानं वेगळी आहेत. २०१९ च्या नव्या कायद्यानं तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते. दापोलीत सेकंड होम घेतलेल्या पुणेकराला, किंवा नाशकात फ्लॅट घेऊन नोकरीसाठी इंदुरात राहणाऱ्या कुटुंबाला ही मोठी सोय आहे. घरासाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग, त्याहून जास्त असेल तर राष्ट्रीय आयोग. फी मामुली आहे. आदेश न पाळणाऱ्याला एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, आणि तिचा धाक महारेराच्या दंडापेक्षा जास्त जाणवतो. अडचण मुदतीची आहे : तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. पाच वर्षांच्या भरवशावर बसलेला माणूस इथं फसतो. दुसरी अडचण वेळेची. कायदा तीन ते पाच महिन्यांत निकालाची अपेक्षा करतो, प्रत्यक्षात वर्षं जातात. कुणी विचारलं तर माझं मत असं : सोसायटीला सामायिक दोष दुरुस्त करून हवे असतील तर महारेरा; एका कुटुंबाला झालेलं नुकसान, केलेला खर्च, मनस्ताप यांची भरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग.

मुदतीवरून तक्रार फेटाळली गेली तरी सगळं संपत नाही, हे मुंबईच्या समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेनं दाखवून दिलं. विकासकानं भोगवटा प्रमाणपत्र मिळवून दिलं नाही, त्यामुळे सभासदांना २५ टक्के जादा मालमत्ता कर आणि ५० टक्के जादा पाणीपट्टी भरावी लागत होती. राष्ट्रीय आयोगानं तक्रार मुदतबाह्य ठरवली. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला आणि प्रमाणपत्र न देणं ही दररोज चालू राहणारी चूक आहे, असं सांगितलं. बांधकामाच्या प्रत्येक दोषाला हा युक्तिवाद लागू पडेल असं नाही. पण कागदपत्रं जपून, चिकाटीनं वर जाणाऱ्या एका सोसायटीनं राज्यातल्या हजारो इमारतींचा मार्ग मोकळा केला, याचं कौतुक व्हायला हवं.

करारनाम्याबद्दल. पाच वर्षांच्या दोष-दायित्वाचं कलम महारेराच्या आदर्श करारात आहे आणि ते बदलता येत नाही. तरीही अनेक करारांत त्याच्या खाली दोन-चार ओळी हळूच घातलेल्या असतात : दोष म्हणजे विकासकाच्या 'हेतुपुरस्सर दुर्लक्षामुळे' झालेला दोषच, घरात काहीही फेरफार केला तर जबाबदारी संपली, उपकरणांना फक्त कंपनीची वॉरंटी. फ्लॅटधारक या ओळी वाचतो आणि खचतो. खचायचं कारण नाही. कायद्यानं दिलेला हक्क कराराच्या ओळीनं कमी होत नाही, आणि एकतर्फी अटी ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये पायोनियर अर्बनच्या प्रकरणात सांगितलेलं आहे. करारात लवादाचं कलम आहे म्हणून ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही. ताबा घेताना 'सर्व काम समाधानकारक, कोणतीही तक्रार नाही' अशा छापील ओळीखाली सही केली, म्हणूनही दार बंद होत नाही; पण शक्य असेल तर त्या ओळीखाली स्वतःच्या अक्षरात उणिवा लिहूनच सही करावी. घरात फेरफार केला असेल तर विकासकाला एवढंच सिद्ध करू द्या की तो फेरफार आणि हा दोष यांचा संबंध आहे. स्वयंपाकघराचा ओटा बदलला म्हणून गच्ची गळत नाही. आणि 'कन्व्हेयन्स झालं, आता इमारत तुमची, दोषही तुमचे' हे तर साफ खोटं आहे. रेराच्या कलम ११ च्या परंतुकात अभिहस्तांतरणानंतरही पाच वर्षांची जबाबदारी टिकते असं स्पष्ट लिहिलेलं आहे.

इथवर जे सांगितलं ते मोठ्या इमारतींचं. महाराष्ट्रातली फार मोठी घरबांधणी या छत्राबाहेर आहे. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरच्या किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला रेरा नोंदणीच लागत नाही. तालुक्याच्या गावात उभ्या राहणाऱ्या तीन मजली इमारती बहुतेक यातच बसतात. तिथं मोफा आणि ग्राहक आयोग हे दोन आधार. आणि स्वतःच्या प्लॉटवर, आयुष्यभराच्या पीएफमधून, ठेकेदाराला काम देऊन बंगली बांधणारा शिक्षक किंवा एसटीतला निवृत्त कर्मचारी? त्याला रेरा नाही, मोफा नाही. बहुतेक वेळा त्याच्याकडे करारही नसतो. ठेकेदार ओळखीतला, काम 'मटेरियलसकट स्क्वेअर फुटाला इतके' असं तोंडी ठरलेलं, पैसे रोख, हिशोब एका डायरीत. स्लॅब पडला की पन्नास टक्के द्या, असं ठरतं आणि गिलावा सुरू होण्याआधीच ऐंशी टक्के गेलेले असतात. मग ठेकेदार दुसऱ्या साइटवर जातो आणि फोन उचलत नाही.

माझा जीव सगळ्यांत जास्त इथं तुटतो, कारण अशा माणसालाही कायदा आहे. ठेकेदार सेवा देतो, म्हणून ग्राहक आयोग त्याच्याविरुद्ध तक्रार ऐकतो. करार तोंडी असला तरी तो करारच असतो. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७३ खाली झालेल्या नुकसानीची भरपाई दिवाणी न्यायालयात मागता येते, त्याला तीन वर्षांची मुदत आहे. जमीन विकसित करायला देऊन बदल्यात फ्लॅट घेणारा मालकसुद्धा ग्राहकच आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये फकीरचंद गुलाटी प्रकरणात म्हटलं आहे. वाडा पाडून इमारत उभारायला देणाऱ्या कुटुंबांना तो निकाल ठाऊक असायला हवा. कमी पडतो तो पुरावा. म्हणून काम सुरू होण्याआधी शंभराच्या नव्हे, पाचशेच्या स्टॅम्पवर का होईना, चार पानं लिहून घ्यावीत : सिमेंट आणि सळईचा प्रकार, काँक्रीटची प्रत, कोणत्या टप्प्याला किती पैसे, पाणी किती दिवस मारायचं, गळतीची हमी किती वर्षं, आणि शेवटच्या बिलातली पाच-दहा टक्के रक्कम एक पावसाळा काढून मगच द्यायची. पैसे बँकेतून द्यावेत. नकाशावर ज्याची सही आहे तो इंजिनिअर स्लॅबच्या दिवशी साइटवर आला पाहिजे, हेही लिहावं. सही करून फी घेणारा आणि साइट कधी न पाहणारा तज्ज्ञ हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत निवांत माणूस असतो. जबाबदारीतून तो सुटत नाही. वास्तुविशारदाविरुद्ध वास्तुशास्त्र परिषदेकडे व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रार करता येते, आणि परवानाधारक इंजिनिअरविरुद्ध महापालिकेकडे.

हलगर्जीनं जीव जातो तेव्हा प्रश्न भरपाईच्या पलीकडे जातो. २४ ऑगस्ट २०२० ला महाडमधली तारिक गार्डन ही पाच मजली इमारत संध्याकाळी कोसळली, सोळा जण गेले. ती काही शंभर वर्षांची चाळ नव्हती, जेमतेम दहा वर्षांची इमारत होती. गुन्हा बिल्डरबरोबर आरसीसी सल्लागार, वास्तुविशारद आणि नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांवरही दाखल झाला, हे महत्त्वाचं. त्याआधी ४ जानेवारी २०१४ ला गोव्यात काणकोणला बांधकाम चालू असलेली रुबी रेसिडेन्सी पडली आणि एकतीस मजूर गाडले गेले. त्यांच्यातल्या कुणाचाही त्या घरांवर हक्क नव्हता. नव्या भारतीय न्याय संहितेत, जी १ जुलै २०२४ पासून लागू आहे, निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. प्रकरण गंभीर असेल तर सदोष मनुष्यवधाचं कलमही लागतं. कलम २९० मध्ये एक लहानसा, पण स्वागतार्ह बदल आहे. जुन्या दंडसंहितेत इमारत पाडताना किंवा दुरुस्त करताना केलेला निष्काळजीपणा गुन्हा होता, आता 'बांधताना' हा शब्दही त्यात आला आहे. शिक्षा मात्र सहा महिने किंवा पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही. कुणाचा जीव जाण्याआधी पोलिसांकडे नेता येईल असं हे कलम आहे, आणि त्याची शिक्षा इतकी हलकी ठेवली याचं दुःख वाटतं.

अनधिकृत इमारतींत राहणाऱ्यांना यातलं फारसं काही उपयोगी पडत नाही. मुंब्र्याजवळ शिळफाट्याला लकी कंपाउंडमध्ये एप्रिल २०१३ मध्ये इमारत कोसळून चौऱ्याहत्तर माणसं गेली, विरारला रमाबाई अपार्टमेंटमध्ये ऑगस्ट २०२५ मध्ये सतरा. तिथं मुळात परवानगीच नसते, त्यामुळे कुणी इंजिनिअर नाही, भोगवटा नाही, करार नोंदवलेला नाही. स्वस्तात घर मिळालं एवढाच त्या माणसांचा दोष. या इमारती रात्रीत उभ्या राहत नाहीत. स्लॅबवर स्लॅब पडताना वॉर्ड ऑफिसातून दिसतात.

आता शेवटची आणि सर्वांत कठीण गोष्ट, वसुली. आदेश मिळाला म्हणजे पैसे मिळाले असं नाही. महारेराची रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करायची असते, म्हणजे वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, तिथून तहसीलदाराकडे. आणि तहसीलदाराकडे निवडणूक असते, पंचनामे असतात, दाखले असतात. राज्यात अशी शेकडो कोटींची वसुली थकलेली आहे. महारेरानं मुंबई उपनगर आणि पुण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयांत या कामासाठी निवृत्त महसूल अधिकारी बसवले, तेव्हा वेग आल्याचं दिसलं. ही व्यवस्था ठाणे, रायगड, पालघर, नाशिक, नागपूर अशा प्रत्येक जिल्ह्यात व्हायला हवी, आणि मागणी सोसायट्यांच्या फेडरेशननी करायला हवी. तोवर घरमालकानं आपल्या परीनं एक काम करावं : विकासकाची दुसरी मिळकत, न विकलेले फ्लॅट, चालू प्रकल्प यांची माहिती महारेराच्या संकेतस्थळावरून आणि सातबाऱ्यावरून काढून वॉरंटसोबत तहसील कार्यालयात द्यावी. जप्ती कशावर आणायची हे नेमकं ठाऊक असलं की फाइल हलते. विकासकाला अपिलात जायचं असेल तर रेराच्या कलम ४३ प्रमाणे आधी रक्कम भरावी लागते. त्यानं ती भरली आहे की नाही, हे पहिल्याच तारखेला अपिलीय न्यायाधिकरणासमोर विचारावं.

ज्या सोसायट्यांच्या ताब्याची पाच वर्षं संपत आली आहेत, त्यांनी आत्ताच सर्वसाधारण सभेत एक ठराव आणावा. प्रत्येक फ्लॅटधारकाकडून उणिवांची यादी मागवावी, गच्ची, लिफ्टचा खड्डा, पार्किंगचे कॉलम, पाण्याच्या टाक्या यांची चाचण्यांसह तपासणी करून घ्यावी, आणि अहवाल जोडून कलम १४(३) खालची नोटीस पाचवं वर्ष संपायच्या आत विकासकाच्या नोंदणीकृत पत्त्यावर पाठवावी. पोचपावती आणि ताब्याच्या पत्राची प्रत एकाच फाइलमध्ये लावावी.